कोर्ट-कारागृहाची आकडेवारी आणि कायद्यातली सुधारणा: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ठाणे आणि नवी मुंबईतले काही वकील, कोर्टातून निवृत्त झालेले दोन कर्मचारी आणि विधी शाखेचे विद्यार्थी. पोलीस, कोर्ट आणि कारागृह यांच्या नोंदी वाचतो, मोजतो आणि जिथे त्यांचा उपयोग होईल तिथे पोचवतो. कोर्ट नाक्यावरच्या बैठकीत, फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी वकील नाही, पोलीस नाही. या आकड्यांशी माझा काय संबंध?

१९७९ साली बिहारच्या तुरुंगांत सुनावणीविना वर्षानुवर्षं पडून असलेल्या कच्च्या कैद्यांच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या. त्या वाचून कपिला हिंगोरानी या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तोच हुसैनारा खातून खटला. कोण, कधीपासून, कोणत्या कलमाखाली आत आहे याची यादी न्यायालयासमोर आली, तेव्हा दिसलं की त्यातले काही जण गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ आधीच आत काढून बसले होते. जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने त्या खटल्यात सांगितलं. पुढे २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६-अ हे, शिक्षेचा ठरावीक भाग आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन देणारं कलम आलं. आज तेच थोडं बदलून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणून आहे (प्रश्न ९ पाहा).

सुरुवात झाली ती नाव, अटकेची तारीख आणि कलम या तीन रकान्यांपासून. ते रकाने भरायला वकिलीची सनद लागत नाही.

२. हे आकडे मिळतात कुठे?

गुन्ह्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी 'क्राइम इन इंडिया' या अहवालात देतो. हा अहवाल १९५३ पासून निघतो. तुरुंगांचा अहवाल १९९५ पासून वेगळा निघतो. प्रलंबित खटल्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड आहे. तिथे ठाणे जिल्हा निवडला की किती फौजदारी खटले किती वर्षांपासून पडून आहेत ते दिसतं. एकट्या खटल्याची माहिती ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकाने मिळते. ठाणे जिल्ह्यातल्या खटल्यांचा हा क्रमांक एमएचटीएच या अक्षरांनी सुरू होतो. एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. याशिवायचं बरंच काही माहिती अधिकारात मागावं लागतं (प्रश्न १२).

३. ठाण्यात गुन्हे वाढले की कमी झाले? एका वाक्यात सांगा ना.

एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आधी विचारा, ठाणे म्हणजे कोणतं ठाणे? ठाणे पोलीस आयुक्तालयात ठाणे शहर आहे, शिवाय भिवंडी, कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगरही आहे. ठाणे ग्रामीण वेगळं, नवी मुंबई आयुक्तालय वेगळं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय झालं आणि मीरा-भाईंदर ठाणे ग्रामीणमधून बाहेर पडलं. त्यामुळे ठाणे ग्रामीणचा २०१९ आणि २०२१ चा आकडा शेजारी ठेवून 'गुन्हे घटले' म्हणणं म्हणजे घरातला एक भाऊ वेगळा राहायला गेला आणि किराणा कमी लागला, तर काटकसर झाली असं म्हणण्यासारखं आहे.

दुसरी अडचण २०२० या वर्षाची. सरकारी आदेश मोडल्याबद्दलच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली देशभरात २०१९ मध्ये २९,४६९ गुन्हे नोंदले गेले होते, २०२० मध्ये ६,१२,१७९. ही वाढ टाळेबंदीत बाहेर पडलेल्या लोकांची आहे. ती तशीच आलेखात घातली तर २०२० हे भयंकर वर्ष दिसतं आणि पुढच्या वर्षांना फुकटचं श्रेय मिळतं.

तिसरी अडचण छेदाची. गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे काढतात आणि ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून पुढे अंदाजलेली असते. घोडबंदर रोड, दिवा, खारघर, उलवे या भागांत २०११ नंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते आपल्याला डोळ्यांनी दिसतं. छेद लहान राहिला की दर फुगतो.

म्हणून आम्ही 'वाढले की घटले' यात फारसे पडत नाही. एक पोलीस ठाणे, एक गुन्हा, एक कालावधी एवढंच घेतो.

४. लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला. तो ठाणे शहराच्या आकड्यात येतो का?

नाही. रेल्वेच्या हद्दीतला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदला जातो आणि त्यांचा आकडा वेगळा असतो. ठाणे स्टेशनात रोज किती माणसं चढतात-उतरतात ते पाहता ही मोठी गळती आहे. शहराच्या चोऱ्यांची तुलना करताना आम्ही लोहमार्ग पोलीस ठाण्याचा आकडा शेजारी लिहितो, बेरीज करत नाही. आणि तक्रार 'गहाळ' म्हणून घेतली गेली असेल तर ती चोरी म्हणून कुठेच दिसत नाही.

५. मी तक्रार दिली, पण पोलिसांनी एनसी घेतली. ती मोजली जाते का?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्यांचा जो मुख्य आकडा बातम्यांत येतो त्यात ती नसते. तुमची तक्रार दखलपात्र गुन्ह्याची असेल तर एफआयआर घेणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलं. हद्दीचं कारणही आता चालत नाही: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यावीच लागते.

सायबर फसवणुकीतही हेच होतं. १९३० या हेल्पलाइनवर फोन करून केलेली तक्रार आणि पोलीस ठाण्यात नोंदलेला एफआयआर या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. बातमीतला आकडा यातला कोणता, ते विचारा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एखादं पोलीस ठाणं तक्रारी प्रामाणिकपणे नोंदवू लागलं की त्याचा आकडा वाढतो, आणि मग वर्तमानपत्रात त्याच ठाण्याचं नाव 'गुन्हेगारी वाढली' म्हणून येतं. जो अधिकारी बाईची तक्रार एनसीवर न ढकलता एफआयआर घेतो, त्याला आपण आकड्यावरून शिक्षा करू नये. आम्ही आमच्या प्रत्येक तक्त्याखाली हे लिहितो.

६. एकाच घटनेत खून आणि चोरी दोन्ही झालं. ते दोन गुन्हे धरतात का?

एनसीआरबी एक एफआयआर एकदाच मोजते आणि त्यातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्याखाली टाकते. म्हणजे तो खुनात गेला, चोरीच्या रकान्यात दिसणार नाही. बलात्कार करून खून झाला असेल तर तोही खुनातच. त्यामुळे दुसऱ्या रकान्यांतले आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी असतात.

७. दोषसिद्धीचं प्रमाण इतकं कमी, म्हणजे बहुतेक तक्रारी खोट्याच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा ४९८-अ, म्हणजे नवरा किंवा सासरच्यांकडून विवाहितेच्या छळाच्या कलमाबद्दल येतो.

आकड्याचा कायद्यावर थेट परिणाम झाल्याचं हे ठळक उदाहरण आहे. अर्नेश कुमार खटल्याच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एनसीआरबीचे आकडे दिले: २०१२ मध्ये ४९८-अ खाली १,९७,७६२ जणांना अटक झाली, दोषारोपपत्राचं प्रमाण ९३.६ टक्के, दोषसिद्धी मात्र १५ टक्के. त्याआधारे न्यायालयाने सांगितलं की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करू नये, अटक का हवी याची कारणं लिहावीत, आणि दंडाधिकाऱ्यांनीही ती तपासल्याशिवाय कोठडी देऊ नये. अटकेवरचा हा लगाम आम्हाला योग्य वाटतो. आज चोरी-मारामारीच्या आरोपीलाही त्याचा आधार मिळतो.

पण त्याच आकड्यावरून 'शंभरातल्या पंच्याऐंशी बायका खोटं बोलल्या' असं म्हणणं चूक आहे. दोषसिद्धीचं प्रमाण त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांवर काढतात, नोंदलेल्या तक्रारींवर नाही. आरोपी सुटण्याची कारणं अनेक: साक्षीदार फिरला, पंच आलाच नाही, पाच-सात वर्षांत दोन्ही घरांनी मिटवून घेतलं, तपासात त्रुटी राहिल्या. 'सिद्ध झालं नाही' आणि 'खोटं होतं' यांचे रकाने निराळे आहेत. पोलीस तपासात खोटी ठरलेली प्रकरणं एनसीआरबी वेगळी देते. मत बनवायचं तर तो रकाना उघडा.

८. ठाणे कारागृहात इतकी गर्दी का? नवीन तुरुंग बांधला की प्रश्न सुटेल ना?

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह एका किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. त्याची अधिकृत क्षमता १,१०५. तिथे अनेकदा त्याच्या तिपटीहून जास्त माणसं राहिली आहेत. नवी मुंबईत खारघरजवळ तळोज्याचं नवं कारागृह झालं, त्याची क्षमता २,१२४. तरी किल्ल्यातली गर्दी हटली नाही.

देशाचं चित्र पाहा. २०२२ अखेर तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि जागा ४,३६,२६६ जणांची. यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. म्हणजे कच्च्या कैद्यांनीच देशातली जवळजवळ सगळी जागा भरून टाकली आहे. तेव्हा विचारायला हवं ते हे: खटला पुढे का सरकत नाही?

त्याचं उत्तर कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या नोंदीत असतं. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने चोरीच्या एका खटल्याचा रोजनामा ई-कोर्ट्सवरून छापून घेतला आणि प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलने कारण लिहीत गेली. 'आरोपी हजर केला नाही.' 'आरोपी हजर केला नाही, गार्ड उपलब्ध नाही.' 'साक्षीदारास समन्स बजावले नाही.' 'न्यायाधीश रजेवर.' पुन्हा 'आरोपी हजर केला नाही.' मुलगा होता तळोज्याला, खटला होता ठाण्यात, आणि मध्ये पोलिसांची गाडी नव्हती. त्याची आई मात्र प्रत्येक तारखेला कळव्याहून येऊन कोर्टाच्या जिन्यात बसायची. हातातल्या पिशवीत डबा. बाजूच्या बाईने विचारलं तर म्हणाली, 'दिसला तरी पुरे.'

या नोंदींतलं प्रत्येक कारण वेगळ्या माणसाकडे जातं. गार्ड नाही, तर पोलीस मुख्यालय. समन्स बजावलं नाही, तर ते पोलीस ठाणं. न्यायाधीशाचं पद रिकामं, तर उच्च न्यायालय आणि शासन. सगळं मिळून 'विलंब' असा एकच आकडा काढला की कुणावरच जबाबदारी येत नाही. म्हणून आम्ही खटले मोजण्यापेक्षा तारखा मोजतो, आणि तारखेपुढे कारण लिहितो.

९. भाऊ वर्षभर आत आहे. 'अर्धी शिक्षा भोगली की सुटका' हा नियम त्याला लागतो का?

कलम ४७९ प्रमाणे, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून काढला तर जामीन मिळायला हवा. आधी कधीच दोषी ठरलेला नसेल तर एक तृतीयांश काळ पुरे, आणि सुटका बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच अडकलेल्याला एक वर्ष. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. हे कलम १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

आता अपवाद, आणि तिथेच बहुतेक घरांची निराशा होते. फाशी किंवा जन्मठेप ही शिक्षांपैकी एक असेल तर हे कलम लागत नाही. आरोपीमुळेच लांबलेला काळ मोजत नाहीत. निम्म्या काळानंतरही सरकारी वकिलांचं ऐकून, कारणं लिहून न्यायालय जास्त काळ ठेवू शकतं. आणि एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा किंवा अनेक खटल्यांचा तपास वा सुनावणी चालू असेल तर या कलमाखाली जामीन नाही. शेवटचा अपवाद फार रुंद आहे, कारण एकाच एफआयआरमध्ये दोन-तीन कलमं लावलेली असणं अगदी नेहमीचं आहे. कायद्यात बदल मागायचा असेल तर या पोटकलमात मागावा, असं आमचं ठाम मत आहे. त्यासाठी जमवायची यादी सोपी आहे: मुदत भरलेले किती, त्यातले केवळ 'एकापेक्षा जास्त गुन्हे' म्हणून अडकलेले किती.

भावासाठी आज काय करायचं? अटकेची तारीख, सगळी कलमं आणि इतर खटले लिहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न पाहिलं जात नाही. फोनवर १५१००.

१०. जामीन मंजूर झाला, तरी सोडत का नाहीत?

बहुतेकदा जामीनदार मिळत नाही म्हणून. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या ओळखीत सॉल्व्हन्सी, म्हणजे पैशाची ऐपत दाखवू शकेल असा माणूस कुठून येणार? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे की जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी योजनेत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. 'जामीन मंजूर, पण आत' अशी किती माणसं आहेत हा आकडा दर महिन्याला मागत राहा. तो मागितला गेला की फायली हलतात, हे आम्ही पाहिलं आहे.

११. नवी मुंबईतला खटला ठाणे जिल्ह्यात शोधला, सापडत नाही.

नवी मुंबई पोलीस आयुक्तालय दोन जिल्ह्यांत पसरलं आहे. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर पनवेल, उरण रायगडमध्ये. खारघरचा खटला रायगड जिल्हा निवडून पनवेल न्यायालयात शोधा. पोलिसांचे आकडे आणि कोर्टाचे आकडे जुळवताना हा घोळ हमखास होतो.

१२. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहू?

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये. 'का' विचारू नका, नोंद मागा. 'कैद्यांना कोर्टात का नेत नाही?' याला उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी असं लिहा: 'दि. … ते दि. … या काळात न्यायालयाने किती कच्च्या कैद्यांना प्रत्यक्ष हजर करण्यास सांगितले, त्यांपैकी किती जणांना नेले, किती जणांना दृक्-श्राव्य माध्यमातून हजर केले आणि पोलीस गार्ड नसल्याने किती जणांना नेता आले नाही, याची महिनावार संख्या व संबंधित नोंदवहीच्या प्रती द्याव्यात.'

उत्तराची मुदत ३० दिवस. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. तसं असेल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

१३. 'तपास चालू आहे' म्हणून अर्ज फेटाळला. आता?

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) खाली नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे त्यांनी सांगावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंह खटल्यात २००७ मध्ये हेच म्हटलं आहे. शिवाय तुम्ही संख्या मागितली आहे, केस डायरी नाही. ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

१४. जमवलेल्या यादीतली नावं प्रसिद्ध केली तर चालतील?

नको. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि मुलांच्या बाबतीत कायदे आणखी कडक आहेत. ज्यांना कायदा थेट झाकत नाही त्यांचाही विचार करा: कच्चा कैदी उद्या निर्दोष सुटेल, पण शोधयंत्रात नाव राहील. नाव काढूनही ओळख राहते. 'नेरुळ, तीन महिन्यांत एकच प्रकरण, आरोपी काका' असं लिहिलं तर सगळ्या सोसायटीला कळतं. आम्ही पाचपेक्षा कमी संख्या असलेला रकाना 'पाचपेक्षा कमी' एवढाच छापतो.

१५. आता एआय आहे. गुन्हा कुठे होणार ते आधीच का सांगू नये?

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलिसांसाठी एआय वापरायला 'मार्व्हल' ही यंत्रणा उभी केली. सायबर फसवणुकीत खात्यांचं जाळं शोधायला अशा साधनांचा उपयोग आहे, त्याला आमचा विरोध नाही. माणसांबद्दल भाकीत करायला आहे.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी आख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारधी वस्तीत चोरीनंतर पोलिसांची गाडी आजही आधी पोचते. जिथे जास्त वेळा जाल तिथे जास्त अटका होतील. त्या अटकांवर शिकलेलं यंत्र पुन्हा तिकडेच बोट दाखवेल. आधी विचारा की यंत्राला अटका शिकवल्या की दोषसिद्धी, आणि त्याची चूक कोण तपासतं.

१६. आमदारांकडे आकडे घेऊन गेलो तर खरंच काही होतं?

काय मागता त्यावर आहे. पोलीस आणि तुरुंग हे राज्याचे विषय, तर फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत. गार्ड, व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोल्या, कारागृह नियम हे राज्यात होऊ शकतं. कलम ४७९ बदलायचं तर संसद, किंवा विधिमंडळाची दुरुस्ती आणि तिला राष्ट्रपतींची संमती.

ती संमती किती अवघड असते ते शक्ती विधेयकात दिसलं. ते डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात एकमताने मंजूर झालं, त्यात बलात्काराला फाशीची तरतूद होती, पण संमती मिळाली नाही. त्यामागचा संताप आम्हालाही वाटतो. पण बलात्काराच्या प्रकरणांत शंभरातल्या ९५ हून जास्त वेळा आरोपी ओळखीतला असतो, हा एनसीआरबीचा आकडा त्या चर्चेत मध्यभागी असायला हवा होता. काकाला किंवा शेजाऱ्याला फाशी होईल या भीतीने घरातूनच मुलीचं तोंड बंद केलं जाईल का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

आमदारांकडे जाताना एक पान न्या. वर एक आकडा, खाली तो कुठून आणि कसा मोजला, त्याखाली नेमकी मागणी. तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न तयार करूनच द्या, कारण मंत्र्यांचं उत्तर सभागृहाच्या कामकाजात जातं आणि पुढच्या वर्षी त्याच्याशी तुलना करता येते. अधिवेशनाच्या तोंडावर गेलात तर उशीर होतो, प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात.

१७. आमचा आकडा चुकला असं नंतर लक्षात आलं. काय करावं?

ज्याला ज्याला पान दिलं त्या प्रत्येकाला त्याच दिवशी कळवा, जुना आकडा खोडून शेजारी नवा आणि चुकीचं कारण लिहा. आमच्याकडून एकदा पनवेलचे खटले ठाण्याच्या बेरजेत दोनदा गेले होते. आम्ही दुरुस्तीचं पत्र घेऊन पुन्हा त्याच कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकाने ते वाचलं, फायलीत लावलं आणि आतून नोंदवही आणून म्हणाला, बसा, तुमचे बाकीचे आकडेही ताडून घेऊ.